व्यसन कोणते ते आधी ओळखावे: गोव्यातील कुटुंबांसाठी उपचारांची वाट

गोव्यात दारू नजरेआड नसते. ती नाक्यावरच्या बारमध्ये मिळते, काजूच्या मोसमात भाटीवर मिळते, लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे मिळते. त्यामुळे घरातल्या कर्त्या माणसाचे पिणे हळूहळू वाढत गेले तरी तो आजार आहे हे ध्यानात यायला बरीच वर्षे जातात, आणि ध्यानात आल्यावर घरचे लोक घाबरून जो पहिला उपाय करतात तो पुष्कळदा चुकीचा असतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्यपानाचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या राज्यांत त्या अहवालाने गोव्याची गणना केली. दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाली होती, असेही त्याच पाहणीत आढळले. उरलेल्यांच्या घरी शपथा घालणे, खोलीत कोंडून ठेवणे, जेवणात चोरून औषध मिसळणे असे प्रयोग चालतात, आणि त्यांतले काही जिवावर बेततात. हे लेखन त्या घरांसाठी आहे. दारू, तंबाखू, गांजा, हेरॉइन, झोपेच्या गोळ्या, जुगार या सगळ्यांना आपण व्यसन म्हणत असलो, तरी त्यांतून बाहेर पडताना टाकायचे पहिले पाऊल प्रत्येक वेळी वेगळे असते.

व्यसन जडले आहे की नाही, हे कसे ठरवावे

किती घेतले यावरून व्यसन ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात अवलंबित्वाची सहा लक्षणे दिलेली आहेत: पदार्थाची अनावर ओढ, कधी सुरू करायचे आणि कुठे थांबायचे यावर ताबा न राहणे, पूर्वीइतका परिणाम होण्यासाठी मात्रा वाढवावी लागणे, न घेतल्यास शरीराला त्रास होणे, काम, छंद आणि माणसे मागे पडत जाणे, आणि नुकसान स्पष्ट दिसत असूनही घेणे चालू राहणे. गेल्या वर्षभरात यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे एकत्र दिसली असतील तर अवलंबित्वाचे निदान होते. निदान डॉक्टरच करतील, परंतु त्यांच्यापर्यंत जायचे की नाही हे ठरवायला घरच्यांना ही यादी पुरते.

आपल्याकडे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: ‘मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब घेत नाही, मग मला व्यसन कसे?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी श्रावणाच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा पाहावा. आधीच्या दिवसांत साठा संपवण्याची घाई होते का, चवथीच्या सुमारास पिणे पुन्हा सुरू झाल्यावर चार दिवसांत ते पूर्वीच्या मात्रेवर जाते का, आणि मधला महिना शांतपणे गेला की चिडचिडीत आणि दिवस मोजण्यात गेला, या तीन गोष्टींची उत्तरे पुष्कळ काही सांगून जातात. व्यसन जडलेली माणसेही काही काळ थांबू शकतात. थांबलेले टिकवणे आणि पुन्हा सुरू केल्यावर मर्यादेत राहणे त्यांना जमत नाही.

मात्रेचा हिशोब मात्र प्रत्येकाने एकदा तरी करावा, कारण इथे मोठी फसगत होते. मोजणीच्या सोयीसाठी १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क म्हणजे एक प्रमाण धरतात. काजूफेणीत सुमारे ४२ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे तिच्या ३० मिलिलिटरच्या पेगात साधारण एक प्रमाण येते. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, ‘हलकी’ समजली जाते, परंतु ती सुमारे १५ टक्क्यांची असते आणि मार्च ते मे या दिवसांत ती सरबतासारखी ग्लास भरून घेतली जाते. २०० मिलिलिटरच्या एका ग्लासात जवळपास अडीच प्रमाणे जातात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत चार प्रमाणे असतात. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे म्हणणारा माणूस रोज तीन बाटल्या घेत असेल, तर तो दहा-बारा पेग रिचवणाऱ्याच्याच रांगेत बसलेला असतो.

स्वतःची परीक्षा करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची चाचणी तयार केली आहे. तिचे गुण शून्य ते ४० असतात. ८ किंवा अधिक गुण धोका सुरू झाल्याचे दाखवतात, तर २० किंवा अधिक गुण आले तर अवलंबित्वाची शक्यता धरून तज्ज्ञाकडेच जावे. आरोग्य केंद्रात मागितल्यास ही चाचणी पाच मिनिटांत करून मिळते.

दारू: अचानक बंद करणे धोक्याचे का

या विषयावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण न कळल्यामुळे होणारे मृत्यू इथे होतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत उत्तेजित ठेवायला शिकलेला असतो. दारू एकाएकी काढून घेतली की ती उत्तेजना मोकळी सुटते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रमिष्टावस्था येते, ताप चढतो, रक्तदाब वाढतो, आणि उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो.

सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या एखाद्या घरात हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. मुलीने रडून सांगितल्यावर बापाने देवासमोर नारळ ठेवून दारू सोडली, आणि सगळे घर आनंदले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चहाची बशी धरवत नाही, चहा धोतरावर सांडतो, आणि ‘अंगात कणकण आहे’ असे म्हणून तो आडवा होतो. दुसऱ्या रात्री तो अंथरुणावरचे नसलेले किडे वेचू लागतो, दाराशी मेलेला भाऊ उभा असल्याचे सांगतो. घरात कुजबूज सुरू होते, कोणीतरी घाड्याला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, बोलावणे धाडते, गाऱ्हाणे घातले जाते, आणि तेवढ्यात सकाळ उजाडून फेफरे येते. देवापुढे घेतलेला शब्द खोटा नव्हता आणि मुलीचे अश्रूही वाया गेले नव्हते. फक्त त्या माणसाला सोडण्यापूर्वी डॉक्टरांची गरज होती. असे भ्रम, फेफरे, तीव्र ताप किंवा असंबद्ध बडबड दिसली तर कसलीही वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तेव्हा क्रम असा ठेवावा. सोडण्याचा निश्चय झाला की ज्या दिवशी सोडायचे त्याआधी डॉक्टरांना भेटावे, रोजची मात्रा लपवून न ठेवता सांगावी, आणि पूर्वी कधी सोडताना फेफरे आले असल्यास ते अवश्य सांगावे. ज्याला सौम्य त्रास होण्याची शक्यता आहे आणि ज्याच्या घरी लक्ष ठेवायला माणूस आहे, त्याला डॉक्टर घरीच उपचार देतात. बाकीच्यांना आठवडा-दहा दिवस दाखल व्हावे लागते. या काळात दिल्या जाणाऱ्या शामक गोळ्या डॉक्टर रोज थोड्या थोड्या कमी करत बंद करतात, आणि त्या तेवढ्याच दिवसांसाठी असतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अनेक वर्षे पिणाऱ्याच्या शरीरात ‘बी-१’ म्हणजे थायमिन जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून घरचे जवळच्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावा’ असा आग्रह धरतात. थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो; चाल लटपटते, डोळ्यांची हालचाल बिघडते, स्मरणशक्ती जाते. म्हणून डॉक्टरांना ‘हे रोज पितात’ हे वाक्य सर्वांत आधी सांगावे, मग लाज वाटो की न वाटो.

दारू सुटल्यानंतर ती पुन्हा सुरू होऊ नये यासाठीही औषधे आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अकाम्प्रोसेट ही ओढ कमी करतात. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ते माणसाच्या संमतीने, तपासण्या करून, देखरेखीखालीच द्यायचे औषध आहे. ‘न कळता भाजीत मिसळा’ असे सांगून काही जण पुड्या विकतात. त्या विकत घेऊ नयेत, कारण औषध पोटात आहे हे ठाऊक नसलेला माणूस नेहमीप्रमाणे पितो आणि हृदयविकार असल्यास त्याच जागी मरू शकतो. हे औषध चालू असताना आसवे, अरिष्टे आणि मद्यार्क असलेली खोकल्याची औषधेही टाळावी लागतात.

जहाजावर काम करणाऱ्या तारवटींच्या घरांनी हा सगळा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. महिनोन्‌महिने समुद्रावर राहून आलेला माणूस सुटीत रोज पितो आणि परत रुजू होण्याच्या वैद्यकीय तपासणीआधी एकदम थांबतो. हे थांबणे डॉक्टरांच्या सल्ल्याने, तपासणीच्या बरेच आधी आणि घरी असतानाच झाले पाहिजे; बोटीवर चढल्यावर फेफरे आले तर जवळ इस्पितळ नसते.

हेरॉइन, गांजा आणि पार्ट्यांतील पदार्थ

किनारपट्टीवर काय मिळते याची चर्चा पुष्कळ होते, उपचारांची कमी होते. हेरॉइन किंवा अफूपासून बनलेल्या इतर पदार्थांचे व्यसन सोडताना अंग मोडून येते, जुलाब होतात, नाक-डोळे वाहतात, आणि माणूस अक्षरशः तळमळतो. तरीही या त्रासाने धडधाकट माणूस सहसा मरत नाही. खरा धोका नंतर असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती ओसरते, आणि पूर्वीची मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास थांबतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच घरी आलेल्या मुलाच्या बाबतीत हे घरच्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. श्वास मंद, ओठ निळे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. नालोक्सोन नावाचे औषध वेळेत मिळाल्यास जीव वाचतो. ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध दीर्घकाळ चालू ठेवणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ अशी त्याची हेटाळणी करून तो बंद करायला लावणारे नातेवाईक त्या मुलाला पुन्हा मृत्यूच्या दाराशी नेतात.

गांजा निरुपद्रवी आहे असे तरुण मुले ठामपणे सांगतात. विशीच्या आतल्या वयात रोज ओढणाऱ्यांपैकी काहींना संशय, भास आणि भ्रमिष्टपणा यांचा त्रास होतो, आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असल्यास ही शक्यता वाढते. मुलगा खोलीबाहेर येईनासा झाला, ‘लोक माझ्याबद्दल बोलतात’ असे म्हणू लागला, तर मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास एक आठवडाही उशीर करू नये. कोकेन, एमडीएमए यांसारख्या उत्तेजक पदार्थांसाठी पर्यायी औषध नाही. तिथे समुपदेशन हाच मुख्य उपचार असतो, आणि सोडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत येणाऱ्या खोल नैराश्यावर नजर ठेवावी लागते.

पोलीस पकडतील या भीतीने पुष्कळ पालक इस्पितळाची पायरी चढत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून तिला संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

झोपेच्या गोळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या कधीतरी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतात आणि त्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू राहतात, घरातल्या बायकांच्या बाबतीत तर कोणाच्या लक्षातही न येता. या गोळ्या एकदम बंद करू नयेत, दारूप्रमाणेच फेफरे येऊ शकते. मात्रा आठवड्याआठवड्याने उतरवावी लागते.

तंबाखू

तंबाखू अचानक सोडल्याने जीव जात नाही, त्यामुळे तिचा मार्ग सरळ आहे: दिवस ठरवावा आणि त्या दिवशी पूर्ण बंद करावी. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. गोव्याने २००५ मध्येच गुटख्यावर बंदी आणली, तरी तंबाखू आणि सुपारी वेगवेगळ्या पुड्यांतून घेऊन एकत्र खाणारे आपल्या अवतीभोवती आहेत, आणि सकाळी मशेरी लावणाऱ्या आज्यांना तर ते व्यसनच वाटत नाही. निकोटिनचा गम वापरणार असाल तर तो च्युइंगगमसारखा सतत चघळू नये. थोडा चघळून झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावा, चव गेली की पुन्हा दोनदा चघळावा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये. पुष्कळांना ‘गमचा उपयोग झाला नाही’ असे वाटते ते वापरण्याच्या चुकीमुळेच. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे.

जुगार: ज्याला वास येत नाही

मांडवीतल्या कॅसिनोंमध्ये गोमंतकीयांना खेळण्यास १ फेब्रुवारी २०२० पासून मनाई आहे. त्यामुळे गोव्यातल्या घरांना जुगाराचा धोका नाही असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मटका गावोगावी आहे, आणि मोबाइलवरचे पैशांचे खेळ तर उशाशी आहेत. केंद्र सरकारने २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तरीही बेकायदा ॲप निरोपांच्या साखळीतून पोहोचत राहतात. दारूड्याच्या तोंडाला वास येतो, चाल बिघडते. जुगारी माणूस वेळेवर कामाला जातो, जेवतो, हसतो, आणि एके दिवशी बँकेचा माणूस दारात उभा राहतो.

खुणा पैशांत दिसतात. पगाराच्या दिवशीच खाते रिकामे होणे, दहा-वीस रुपयांपासून हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांची रात्री एक ते तीन या वेळेत लागलेली रांग, सोने गहाण पडणे, सहकाऱ्यांकडून उसनवारी, आणि ‘एकदा मोठा डाव लागला की सगळे फेडतो’ हे वाक्य. गमावलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे हे या आजाराचे मुख्य लक्षण आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात जुगार आणि व्हिडिओ गेमिंग या दोन्हींचा समावेश व्यसनाधीन वर्तनाच्या विकारांत केलेला आहे.

येथे पहिले पाऊल आर्थिक असते. त्या व्यक्तीच्या संमतीने पगाराचे खाते काही काळ पत्नी, आई किंवा भावासह संयुक्त करावे, हाती रोजच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवावी, यूपीआयची मर्यादा बँकेतून कमी करून घ्यावी, आणि सगळ्या कर्जांची यादी एका कागदावर एकाच बैठकीत लिहून काढावी. यादी पूर्ण झाल्याचा दावा पहिल्या बैठकीत कोणी केला तर त्यावर विसंबू नये, लपवलेले एखादे कर्ज नंतर निघतेच. मुलाची अब्रू वाचवायला भाटातला तुकडा विकून सारे कर्ज एकरकमी फेडणे हा पालकांचा सर्वांत महागडा उपाय असतो, कारण डोक्यावरचे ओझे गेले की खेळ पुन्हा सुरू होतो. हप्ते त्यानेच आपल्या कमाईतून भरावेत, घरच्यांनी हिशोब पाहावा. कर्ज उघडकीस आल्यानंतरचे दिवस आत्महत्येच्या दृष्टीने धोक्याचे असतात; त्या दिवसांत त्याला एकटे सोडू नये आणि त्याच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार नव्याने मनात येत नाही.

मुलांच्या मोबाइलबाबत मात्र हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे. सुटीत चार तास खेळणारे मूल व्यसनी नसते. खेळावरचा ताबा सुटणे, त्यापुढे अभ्यास, जेवण, मित्र सगळे दुय्यम होणे, आणि नुकसान होऊनही ते चालूच राहणे, असे सर्वसाधारणपणे वर्षभर दिसले तरच विकाराचे निदान केले जाते.

मदत कुठे आणि कशी घ्यावी

सुरुवात घराजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते, आणि हे मी गोव्यातल्याच पुराव्यावरून सांगतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या गोव्यातील संस्थेने राज्यातील दहा आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलावे, अशी त्याची रचना होती. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. या अभ्यासात ऑडिट चाचणीत १२ ते १९ गुण असलेलेच पुरुष होते, हेही ध्यानात ठेवावे. त्यापुढच्यांना तज्ज्ञाची गरज असते.

तज्ज्ञांसाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळांतही मनोविकार विभाग आहेत. ‘बांबोळीला नेले म्हणजे वेडा ठरवला’ ही धास्ती अजून गेलेली नाही. ती मनात असेल तर पहिले बोलणे फोनवरून करावे: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनोनिमसच्या सभा गोव्यात अनेक ठिकाणी भरतात. त्यांना शुल्क नसते, नाव-गाव विचारले जात नाही, आणि चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या सभेला कोणत्याही धर्माचा माणूस जाऊ शकतो. मराठीतूनच दीर्घ निवासी उपचार हवे असतील तर अनेक कुटुंबे पुण्याच्या मुक्तांगणचा विचार करतात, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ते १९८६ मध्ये सुरू झाले.

खासगी केंद्र निवडताना चार गोष्टी विचाराव्यात: केंद्राची नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रुग्णाला घरच्यांशी फोनवर बोलू देतात का, आणि बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा कसा होतो. ‘आम्ही रात्री गाडी पाठवून उचलून आणतो’ असे सांगणाऱ्या केंद्राला तिथेच नकार द्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्याला दाखल करायचे असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (म्हणजे कायद्यानुसार त्याच्या वतीने निर्णय घेण्यात मदत करणाऱ्या व्यक्तीचा) अर्ज आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी आवश्यक असते, आणि ही मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची असते.

घरी बोलायचे कसे, हा प्रश्न याआधीचा. प्यायलेल्या माणसाशी रात्री बोलू नये. सकाळी, तो शुद्धीत असताना, एकाच माणसाने बोलावे, आणि स्वभावाविषयी न बोलता घडलेल्या गोष्टीविषयी बोलावे. ‘तुम्ही सगळ्यांची वाट लावलीत’ यापेक्षा ‘मंगळवारी बाबूला शाळेतून आणायचे तुम्ही विसरलात, तो सहापर्यंत फाटकाशी उभा होता, मी गुरुवारची वेळ घेतली आहे, माझ्यासोबत चला’ हे वाक्य अधिक काम करते. भेटीची वेळ आधीच घेतलेली असावी, कारण ‘हो’ म्हणण्याची मनःस्थिती फार काळ टिकत नाही. कामावर ‘त्यांना ताप आहे’ असे खोटे फोन करणे, उधारी भागवणे, बाटल्या लपवणे हे घरच्यांनी थांबवावे. जेवण, कपडे आणि आपुलकी मात्र थांबवू नये. मारहाण होत असेल तर समजावण्याच्या भानगडीत न पडता आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी: महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

सुटल्यानंतरचे पहिले महिने

शरीरातून दारू निघायला आठवडा लागतो, सवय मोडायला महिने. केंद्रातून घरी आल्यावर पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात, आणि त्यांचे नियोजन कागदावर करावे. कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्यावर, कोणाबरोबर असताना तलफ येते, हे लिहून काढावे. कामावरून घरी येताना वाटेत नेहमीचा बार लागत असेल तर काही महिने वाट बदलावी. बारमध्ये किंवा हॉटेलात काम करणाऱ्यांपुढे हा पेच मोठा असतो; नोकरी सोडणे शक्य नसेल तर निदान पेये देण्याच्या जागेवरून स्वयंपाकघरात किंवा स्वागतकक्षात बदली मागावी. तलफ साधारण पंधरा ते तीस मिनिटांत शिखर गाठून उतरते, तेवढा वेळ ढकलण्यासाठी फोन करायचा एक माणूस आणि करायचे एक काम आधीच ठरलेले असावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत पाय घसरण्याची शक्यता जास्त असते, म्हणून संध्याकाळी सहाला पोटभर खाणे ही साधी गोष्टही उपचाराचा भाग समजावी.

सणांचे वेगळे ठरवावे. शिगमो, सांजाव, नरकासुराची रात्र आणि लग्नाचे दिवस यांना ‘बघू’ म्हणून जाऊ नये. पहिल्या वर्षी काही ठिकाणी न जाणेच योग्य. जायचेच असेल तर सोबत कोण असेल, किती वाजता निघायचे आणि कोणी ग्लास पुढे केला तर काय म्हणायचे, हे घरून ठरवून निघावे. ‘औषध चालू आहे, डॉक्टरांनी बंद सांगितली आहे’ एवढे उत्तर पुरते. यजमानांनाही सांगावेसे वाटते: नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नये.

पुन्हा प्यायला गेला तर घरात सुतक पडल्यासारखे वातावरण होते. रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण पथ्य मोडतो तेव्हा आपण त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेतो, तसेच इथे करावे आणि शक्यतो २४ तासांत करावे, कारण एका दिवसाची घसरण आणि तीन महिन्यांची घसरण यांत हाच फरक असतो. बंद केलेली औषधे स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नयेत. विशेषतः डायसल्फिराम शेवटच्या घोटानंतर १२ तास उलटल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सलग काही दिवस पिणे झाले असेल तर पुन्हा अचानक थांबण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे. जाताना जुना केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटे आणि पिणे कोणत्या दिवशी, कशामुळे सुरू झाले हे लिहिलेला कागद बरोबर न्यावा.